बहमनी राज्याचे विभाजन व सोलापूर

बहमनी राज्य (स्थापना १३४७) फुटून दख्खनमध्ये आदिलशाही, निजामशाही, इमादशाही, बरीदशाही व कुतुबशाही उभ्या राहिल्या. सोलापूरचा किल्ला या फुटीत विजापूर व अहमदनगर यांच्या शिवेवर आला.

वजीर महमूद गावानच्या काळात राज्य सर्वाधिक विस्तारले. १४७२ मध्ये गोवा हाती आला. दरबार मात्र दख्खनी आणि आफाकी (परदेशातून आलेले) अशा दोन तटांत दुभंगलेला होता. गावानने चार तरफांच्या (प्रांतांच्या) आठ तरफा केल्या आणि प्रत्येक तरफदाराकडे एकच किल्ला ठेवला. १४८१ मध्ये बनावट पत्रावरून त्याला ठार मारण्यात आले. पुढे विजापूर, जुन्नर व गाविल या नव्या तरफांतूनच तीन शाह्या निघाल्या, म्हणून काही अभ्यासक या विभागणीलाच दोष देतात. तरफदारांवरील वचक गावानबरोबर गेला, हे कारण अधिक सयुक्तिक वाटते.

फुटीचे वर्ष वादग्रस्त आहे. इतिहासकार फेरिश्त्याच्या आधारे १४९० हे वर्ष रूढ झाले. पण त्याने सतराव्या शतकाच्या आरंभी, विजापूर दरबाराच्या आश्रयाने लिहिले, हे विसरता येत नाही. बीदरच्या नामधारी बहमनी सुलतानांची परंपरा निदान १५२७ च्या सुमारापर्यंत चालू होती. त्यामुळे एका वर्षी झालेल्या स्वातंत्र्याच्या घोषणेपेक्षा हळूहळू निसटत गेलेली सत्ता मानणे बरे.

सोलापूरभोवतीचे साडेपाच परगणे हे भांडणाचे मूळ. सुमारे १५२४ मध्ये इस्माईल आदिलशहाची बहीण मरियम हिचा विवाह बुऱ्हाण निजामशहाशी सोलापुरात झाला. हा मुलूख आंदण देण्याचे ठरले होते, असे निजामशाही पक्षाचे म्हणणे. विजापूरने ते नाकारले आणि त्यातून कित्येक दशके लढाया झाल्या. अखेर निजामशाही घराण्यातील चांदबिबीच्या अली आदिलशहाशी झालेल्या विवाहात (सुमारे १५६४) सोलापूर आंदण म्हणून विजापूरकडे गेले. फुटलेल्या घरांची ही सोयरीक विजयनगरविरुद्ध १५६५ च्या तालिकोट युद्धात उपयोगी पडली, पण तेवढ्यापुरतीच. भातवडीच्या लढाईनंतर (१६२४) मलिक अंबरने सोलापूर पुन्हा निजामशाहीसाठी जिंकले. शाहजहानशी झालेल्या १६३६ च्या तहाने निजामशाहीचीच वाटणी झाली, तेव्हा परांड्यासह ते आदिलशाहीच्या वाट्याला आले.