वजनावरून पडलेलं नाव

'रक्तचंदन' या शब्दात विशेषण पुढे, नाम मागे. व्याकरणात याला कर्मधारय समास म्हणतात. 'टंगस्टन' हाही तसाच शब्द आहे, फक्त स्वीडिश. 'टुंग' म्हणजे जड, 'स्टेन' म्हणजे दगड. हे नाव पडलं तेव्हा टंगस्टन धातू कुणी पाहिलेलाच नव्हता. नाव खरोखरच एका दगडाचं होतं.

1751 च्या सुमारास आक्सेल क्रोन्स्टेट या खनिजतज्ज्ञाने स्वीडनमधल्या बिस्पबर्गच्या लोखंडाच्या खाणीतल्या एका फिकट रंगाच्या खनिजाचं वर्णन केलं. गारगोटीचा तेवढ्याच आकाराचा तुकडा दुसऱ्या हातात घेतला तर हे खनिज त्याच्या दुपटीहून जड भरतं. असं का? कारण त्याच्या वजनाचा जवळपास 64 टक्के भाग टंगस्टनचा असतो. उरलेलं कॅल्शियम आणि ऑक्सिजन. म्हणजे जो धातू रसायनशास्त्राला अजून ठाऊक नव्हता, त्याचा भार हाताला आधीच कळला होता. मला या शब्दाचं सगळ्यात जास्त अप्रूप वाटतं ते इथे.

1781 मध्ये कार्ल शेले यांनी याच दगडातून एक नवं आम्ल वेगळं काढलं. पुढे त्या खनिजाला त्यांच्यावरून 'शीलाइट' नाव मिळालं आणि 'टंगस्टन' हा शब्द धातूकडे गेला. तिथे तो आणखीच शोभला: टंगस्टनची घनता पाण्याच्या 19 पटींहून अधिक, जवळजवळ सोन्याइतकी.

प्रत्यक्ष धातू मिळवला तो 1783 मध्ये स्पेनमधल्या एलुयार बंधूंनी, पण वोल्फ्रामाइट या दुसऱ्याच खनिजातून. हे नाव जर्मन खाणींतलं. कथिल गाळताना हे खनिज कथिल गिळून टाकतं, मेंढरं फस्त करणाऱ्या लांडग्यासारखं, अशी तिथल्या कामगारांची तक्रार असे. 'वोल्फ' म्हणजे लांडगा. आवर्तसारणीत 74 व्या घरात टंगस्टनसाठी 'डब्ल्यू' हे अक्षर दिसतं, ते या लांडग्याचं.

बल्बमधल्या तारेमुळे टंगस्टन आपल्या घराघरांत पोचला. तो 3422 अंश सेल्सिअसला वितळतो. इतकी उष्णता दुसरा कोणताही धातू सोसत नाही. इंग्रजीने स्वीडिश शब्द घेतला, इंग्रजीतून तो मराठीत आला. स्वीडनमध्ये मात्र या धातूला आज 'वोल्फ्राम' म्हणतात.