चंद्राचा दगड उसना मिळतो, पण सोलापूरला पार्सल येत नाही

भाचीनं परवा विचारलं, मामा, चंद्राचा खरा दगड कुणाला बघायला मिळतो का? म्हटलं मिळतो की, अमेरिकेत शाळेतल्या मास्तरांना तो उसना पण देतात, लायब्ररीतलं पुस्तक आणावं तसा. तिला वाटलं मामा फेकतोय.

पण खरंय ते. 1969 ते 1972 मध्ये अपोलोच्या सहा मोहिमांनी मिळून 382 किलो दगड-माती खाली आणली. त्यातले सहा बारीक नमुने, तीन दगडाचे आणि तीन मातीचे, नासानं पारदर्शक प्लास्टिकच्या चकतीत कायमचे बंद केलेत आणि अशा चकत्या शिक्षकांना थोड्या दिवसांसाठी देतात. चकती जेमतेम 15 सेंटीमीटरची, आपली कडक भाकरी पण त्यापेक्षा मोठी असते. उल्कांचे तुकडे बसवलेली वेगळी चकती पण असते. मात्र आधी ट्रेनिंग घ्यायचं, सर्टिफिकेट मिळवायचं, आणि तास संपला की चकती कुलुपात. एवढा कडकपणा उगीच नाही, 2002 मध्ये ह्यूस्टनच्या नासा केंद्रातून तिथल्याच इंटर्न पोरांनी चंद्राचे नमुने ठेवलेली अख्खी तिजोरी पळवली होती, नंतर सापडले म्हणा.

आता ती चकती आपल्याकडं यायची नाही, पण तिच्यातल्या बेसाल्टचा भाऊबंद आपल्या पायाखालीच आहे. भुईकोट किल्ल्याचा काळा दगड बघा, तो बेसाल्ट, म्हणजे थंड झालेला लाव्हा. पुनवेच्या चंद्रावर जो ससा दिसतो ना, तो काळा भाग पण बेसाल्टच. आपला साधारण साडेसहा कोटी वर्षांचा, तिथून आणलेला तीनशे कोटींच्या वरचा, पण जन्म तसाच.

फरक कुठं पडला, तर पाण्यात. क्रशरवरची खडी घ्या आणि भिंगातनं बघा, बऱ्याच तुकड्यांना भोकं असतात, ती लाव्हातल्या वायूच्या बुडबुड्यांची. आपल्याकडं लाखो वर्षं त्यातनं पाणी झिरपलं आणि काही भोकांत पांढरी खनिजं भरली, झिओलाइट म्हणतात त्यांना. अपोलो 15 नं आणलेल्या एका दगडाला पण अशीच भोकं आहेत, आणि ती रिकामीच राहिली, भरायला पाणीच नव्हतं. मातीचं पण तेच. आपला दगड पावसानं कुजून त्याची काळी माती झाली, तिच्यात चिकणमाती एवढी की उन्हाळ्यात हात जाईल अशा भेगा पडतात आणि मंगळवेढ्याची ज्वारी तिच्यावरच येते. चंद्रावर ना पाऊस ना वारा, तिथला दगड फुटला तो उल्कांच्या माऱ्यानं, म्हणून ती माती म्हणजे नुसता दगडाचा चुरा आणि काचेचे कण.

भाचीला पांढऱ्या ठिपक्यांची खडी दिली तर ती दुसऱ्या दिवशी वेगळाच जड काळा दगड घेऊन आली, चुंबक चिकटतो म्हणे, उल्काच आहे. चुंबक बहुतेक उल्कांना चिकटतो हे खरं, पण लोखंड वितळवताना निघणाऱ्या मळीला पण चिकटतो की. उल्केवर जळाल्यासारखी पातळ काळी साल असते आणि आत बुडबुड्यांची भोकं जवळजवळ नसतातच. तिचा दगड फोडला, आत जाळीच जाळी.