‘उष्णतेची लाट’ आणि ‘उष्ण व दमट’: इशाऱ्यातले हे दोन शब्द एक नव्हेत

एप्रिल-मेमध्ये हवामान विभागाच्या जिल्हावार इशाऱ्यात अकोला, चंद्रपूरपुढे ‘उष्णतेची लाट’ आणि ठाणे, रायगडपुढे ‘उष्ण व दमट हवामान’ असं लिहिलेलं दिसतं. वाचणारा दोन्हींचा अर्थ ‘फार ऊन’ असाच घेतो. फार तर दमट म्हणजे लाटेची धाकटी बहीण, असं समजतो. पण या दोन उन्हाळ्यांत वारा वेगळा, घामाचं गणित वेगळं, आणि एकावरचा उतारा दुसऱ्यात अंगाशी येऊ शकतो.

लाट ही मोजून मापून जाहीर होते. मैदानी भागात कमाल तापमान निदान ४० अंश, किनाऱ्यावर ३७ आणि डोंगराळ भागात ३० व्हायला हवं. शिवाय ते त्या ठिकाणच्या त्या दिवसांच्या सरासरीपेक्षा ४.५ ते ६.४ अंशांनी जास्त असलं तर लाट, त्याहून जास्त असलं तर तीव्र लाट. मैदानात पारा ४५ ला टेकला तर सरासरी न बघता लाट धरतात, ४७ ला तीव्र. हवामान विभागाने पाडलेल्या एका उपविभागातल्या किमान दोन केंद्रांवर सलग दोन दिवस असं झालं की दुसऱ्या दिवशी जाहीर होते. आपल्याकडे असे उपविभाग चार: कोकण-गोवा, मध्य महाराष्ट्र, मराठवाडा, विदर्भ.

या व्याख्येची एक गंमत आहे. मे महिन्यात नागपूरची सरासरीच ४२-४३ च्या आसपास असते. त्यावर साडेचार अंश चढायचे म्हणजे ४७ झाले. त्यामुळे तिथे प्रत्यक्षात ४५ चाच निकष कामाला येतो, आणि ४४.५ अंशांचा दिवस कागदोपत्री लाटेत बसत नाही. रत्नागिरीत ३६ अंश आणि अंगाला चिकटणारी हवा असली तरी तीही लाट नव्हे. तिथे मग दुसरा शब्द येतो: उष्ण व दमट. म्हणजे तापमान नेहमीपेक्षा चढलेलं, आणि हवेत बाष्पही भरपूर. लाट ही एकट्या कमाल तापमानाची गोष्ट आहे, उष्ण-दमट ही तापमान आणि बाष्प यांच्या जोडीची.

मुंबईत या दोन्ही गोष्टी होतात, पण सहसा एकाच दुपारी नाही. मार्च-एप्रिलमध्ये रोज सकाळी अकरा-बाराच्या सुमारास समुद्रावरून वारा सुरू होतो आणि पारा ३३-३४ वर थोपवून धरतो. जमिनीवरून येणारा पूर्वेचा वारा जोरात असला की हा खारा वारा दोन-दोन वाजेपर्यंत आत शिरू शकत नाही. तेवढ्या दोन-तीन तासांत सांताक्रूझचा पारा ३८-३९ पर्यंत उडी मारतो. १४ एप्रिल १९५२ ला तो ४२.२ वर गेला होता. पण अशा दुपारी हवा कोरडी असते, ओठ फुटतात, दोरीवरचे कपडे तासाभरात वाळतात. म्हणजे किनाऱ्यावरची लाट ही पूर्वेच्या वाऱ्याची, आणि उकाडा पश्चिमेच्या. म्हणून कोकणात राहणाऱ्याने सकाळी अकराला आकडा बघण्याआधी वारा कुठून येतोय ते बघावं. आंब्याच्या बागायतदाराला हे वेगळं सांगायला नको: कोरड्या वाऱ्यात फळ भाजतं आणि गळतं, खाऱ्या वाऱ्यात तेवढं नाही.

आता शरीराकडे. घाम सुकताना उष्णता घेऊन जातो. नुसता आला म्हणून काही होत नाही. ४४ अंश आणि १५ टक्के आर्द्रतेत घाम कातडीवर दिसतसुद्धा नाही. संध्याकाळी शर्टाच्या पाठीवर मिठाचा पांढरा नकाशा उमटतो, तेव्हा कळतं किती गेला. लाटेतला धोका हाच: पाणी कमी पडतंय याची जाणीव उशिरा होते. ३४ अंश आणि ६५ टक्क्यांत उलट घाम कोपरावरून, हनुवटीवरून निथळतो. जमिनीवर पडलेला प्रत्येक थेंब वाया गेलेला, त्याने अंग थंड केलं नाही.

हा फरक एका आकड्यात पकडायचा तर तापमापकाच्या फुग्याला ओलं मलमलचं कापड गुंडाळून वारा घालायचा. जो आकडा उतरून थांबेल, तेवढ्यापर्यंतच पाण्याच्या वाफेने थंडावा मिळू शकतो. वेधशाळेच्या पांढऱ्या झडपांच्या पेटीत कोरड्या तापमापकाशेजारी असाच ओल्या कापडाचा तापमापक असतो. ४४ अंश आणि १५ टक्क्यांत ओला आकडा साधारण २३ येतो. ३४ अंश आणि ६५ टक्क्यांत तो २८ च्या वर राहतो. दहा अंशांनी ‘थंड’ असलेल्या ठाण्यात शरीराला थंड व्हायला वाव कमी, तो यामुळे. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानात पुरस्कार सोहळ्याला भर उन्हात बसलेल्यांपैकी १४ जण दगावले, तेव्हा नवी मुंबईचं तापमान ३८ अंशांच्या घरात होतं. आकडा विदर्भाच्या मानाने किरकोळ होता.

कूलरचं काम याच ओल्या आकड्यावर चालतं. चांगली जाळी असेल तर कूलर हवेला कोरड्या आणि ओल्या आकड्यातल्या अंतराच्या ८० टक्के खाली आणतो. नागपुरात ४४ वरून हवा २७-२८ वर येते. त्यासाठी खिडकीतला मोठा कूलर तासाला दहा-पंधरा लिटर पाणी पितो, आणि समोरची खिडकी हातभर उघडी लागते, नाहीतर ओली हवा खोलीतच फिरते. ठाण्यात तोच कूलर ३४ ची हवा साडेएकोणतीसवर आणतो, पण तीही वाफेने गच्च भरलेली. तिथे पंप बंद करून कूलर पंख्यासारखा चालवलेला बरा. वाळ्याच्या ताट्या असोत की नव्या पद्धतीचे पॅड, बोअरच्या पाण्याचे क्षार बसले की हे ८० टक्के पन्नासवर येतात. मग दोष उन्हाळ्याला दिला जातो.

पंख्याचं उलट. दमट उकाड्यात पंखा हाच खरा उपाय, कारण अंगाभोवतीची भरलेली हवा तो हलवतो. हवा ४० च्या वर गेली की कोरड्या अंगावर नुसता पंखा म्हणजे भट्टीचा भाता. अंग किंवा सदरा ओला करून मगच त्याखाली बसावं. कपड्यांचंही तसंच. लाटेत डोकं-कान रुमालाने घट्ट बांधणं बरोबर, कारण झळ बाहेरून येते. दमट हवेत तोच रुमाल घाम कोंडतो, तिथे छत्री आणि सैल सुती कपडे. खिशातला कांदा दोन्हीकडे सारखाच, म्हणजे निरुपयोगी. पोल्ट्रीवाल्यांची चूकही याच जातीची: विदर्भात फॉगर (पाण्याचे बारीक तुषार उडवणारं यंत्र) कोंबड्या वाचवतो, पालघरच्या दमट दुपारी तो फक्त कोंबड्यांखालचा भुसा ओला करतो.

आर्द्रतेचा आकडा वाचताना एक फसगत नेहमी होते. ‘आज ३५ अंश आणि आर्द्रता ८५ टक्के’ असे संदेश फिरतात. त्यातली आर्द्रता सकाळी साडेआठची असते आणि तापमान दुपारचं. हवा तापली की तेवढ्याच बाष्पाची टक्केवारी खाली येते, म्हणून दोन वेळांचे आकडे जोडून काही कळत नाही. त्यापेक्षा दवबिंदू बघा, म्हणजे ज्या तापमानाला हवेतलं बाष्प दव होऊन जमू लागतं तो आकडा; तो दिवसभर फारसा हलत नाही. १० अंशांच्या आसपास असला तर हवा कोरडी, २४ च्या वर गेला की चिकचिक ठरलेली.

इशाऱ्याच्या रंगांबद्दल थोडक्यात. लाटेला दोन दिवसांसाठी पिवळा, तीव्र लाट दोन दिवस किंवा साधी लाट चार दिवस टिकणार असेल तर नारिंगी, तीव्र लाट दोन दिवसांपुढे किंवा एकूण सहा दिवसांवर जाणार असेल तर लाल. म्हणजे रंग नुसता पाऱ्यावर नाही, लाट किती दिवस टिकते यावरही ठरतो. लांबलेल्या लाटेत माती पार वाळते, सूर्याची उष्णता पाणी उडवण्यात खर्च न होता थेट हवा तापवते, भिंती रात्री निवत नाहीत. उष्ण-दमट इशारा बहुधा पिवळ्यावरच राहतो, त्यामुळे तो सौम्य वाटतो.

या दोन शब्दांची सगळ्यात वाईट गल्लत विदर्भात लाट ओसरताना होते. २५ मेच्या सुमारास सूर्य रोहिणी नक्षत्रात गेला की नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, सुरू होतो, आणि पुढच्या पंधरवड्यात समुद्रावरचं बाष्प आत यायला लागतं. ४४ चे ४० झाले, ‘लाट’ हा शब्द इशाऱ्यातून गेला, पेपरात ‘पारा उतरला’ छापून आलं. पण आर्द्रता १५ वरून ४० टक्क्यांवर गेली असेल तर ओला आकडा २३ वरून २८ च्या पुढे सरकलेला असतो. गेल्या आठवड्यात २७-२८ ची हवा देणारा कूलर आता ३१ ची देतो. लोक मिस्त्रीला बोलावून पंप बदलून घेतात, पंपात काही बिघाड नसतो. याच दिवसांत मजुरांनी दुपारची सुट्टी बंद करू नये, १२ ते ४ ची विश्रांती वळीव चांगला पडेपर्यंत ठेवावी. पाण्यासोबत मीठही लागतं: एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. माणूस असंबद्ध बोलू लागला, अंग चटका बसेल इतकं तापलं, तर घाम येत असो वा नसो, तो उष्माघात समजावा. बेशुद्ध होत असेल तर तोंडात पाणी ओतू नये. १०८ ला फोन करून गाडी येईपर्यंत सावलीत आणावं, कपडे सैल करून अंगभर पाणी ओतत राहावं आणि वारा घालावा. हवा दमट असेल तर नुसत्या ओल्या फडक्यावर भागणार नाही, मान, काखा आणि जांघेत बर्फ ठेवावा.