केसगळतीचं खापर पाण्यावर

मे महिन्यात देवगड-मालवणकडच्या खाडीकाठच्या विहिरी मचूळ लागायला लागतात. त्याच दिवसांत न्हाणीच्या जाळीत केसांचा गुंता दिसला की घरातलं कुणीतरी म्हणतंच, ‘पाणी बाधलं.’ सुट्टीला आलेली मुंबईची सून इथल्या विहिरीला बोल लावते, सासू तिकडच्या नळाच्या पाण्याला. दोघींचं म्हणणं थोडंच खरं आहे. खारट पाण्यानं केस राठ होतो, मधेच तुटतो. पण त्याचं मूळ त्वचेखाली काही मिलिमीटर आत असतं, तिथवर हे पाणी पोचत नाही. गळलेला केस उजेडात धरून बघावा. टोकाला पांढरा बारीक ठिपका असेल तर तो मुळापासून सुटलेला, नसेल तर तुटलेला.

मिठाशी टकलाचा संबंध मात्र फार जुना आहे. अति मीठ खाणाऱ्यांना अकाली टक्कल, पांढरे केस आणि सुरकुत्या येतात, असं चरकसंहिता या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथाच्या विमानस्थान या भागात म्हटलंय. बाल्हीक, सौराष्ट्र, सिंधू आणि सौवीर इथले लोक दुधातसुद्धा मीठ घालतात, अशी तक्रारही तिथंच आहे. यादीत कोकणाचं नाव नाही, याचं सुक्या बांगड्यावर वाढलेल्यांनी समाधान मानावं. सुश्रुतानं इंद्रलुप्ताचं, म्हणजे केस झडण्याच्या रोगाचं, कारण शरीराच्या आत शोधलं: पित्त आणि वात केसांच्या मुळाशी जाऊन केस पाडतात, मग कफ आणि रक्त छिद्रं बुजवतात. गावात ज्याला चाई म्हणतात, ती गोल चकती याच जातीची. आजचं वैद्यक सांगतं की त्यात शरीराची रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच केसांच्या मुळांवर उलटते.

पुरुषी टकलाचा धागा ग्रीसपर्यंत जातो. षंढांना टक्कल पडत नाही, हे ग्रीक वैद्य हिप्पोक्रेटिसच्या काळीच लक्षात आलं होतं. १९४२ साली अमेरिकेतल्या जेम्स हॅमिल्टन यांनी त्यामागचा पुरुषी संप्रेरकाचा हात दाखवला: वयात येण्याआधी खच्चीकरण झालेल्यांना ते संप्रेरक दिलं, तेव्हा ज्यांच्या घराण्यात टक्कल होतं त्यांचे केस जायला लागले. १९७४ मध्ये डॉमिनिकन प्रजासत्ताकातल्या काही कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांच्यातल्या काहींत हे संप्रेरक अधिक तीव्र रूपात बदलणारं विकर कमी होतं, आणि त्यांना टक्कलही पडत नव्हतं. त्यातूनच ते विकर अडवणारं फिनास्टराइड हे औषध आलं. टकलासाठी अमेरिकेत त्याला १९९७ मध्ये परवानगी मिळाली. ‘मामाला टक्कल, म्हणजे भाच्याला ठरलेलंच’ हे अर्धंच खरं. एक महत्त्वाचं जनुक आईकडून येतं, बाकीची दोन्ही घराण्यांतून.

बायकांची तक्रार मात्र बहुधा टकलाची नसते, पुंजक्यांनी केस गळण्याची असते. १९६१ मध्ये अमेरिकी त्वचारोगतज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन यांनी तिची नीट मांडणी केली. डोक्यावर साधारण एक लाख केस असतात आणि रोज पन्नास-शंभर गळणं नेहमीचंच. शरीराला मोठा धक्का बसला की वाढते केस एकदम विश्रांतीत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी एकत्र गळतात. म्हणून जुलैत भातलावणीच्या चिखलात लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिसचा) ताप आला, तर केस जातात दसरा-दिवाळीच्या सुमाराला, आणि तोवर तो ताप कुणाच्या लक्षात नसतो. दोडामार्गाकडचा माकडताप, डेंग्यू, कोविड या सगळ्यांचं हेच. ‘बाळ ओळख दाखवायला लागलं की आईचे केस गळतात’ असं जुन्या बायका म्हणतात. बिचाऱ्या बाळाचा त्यात काही दोष नाही, पण महिने त्यांनी बरोबर मोजलेत. हे केस बहुतेकदा परत येतात.

येत नसतील तर रक्त तपासावं, आणि इथेच मला वाटतं आपण सर्वांत जास्त हयगय करतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. पाळीत जास्त रक्त जातं, त्यात उपास, आणि माशाची बरी तुकडी आधी पुरुषांच्या ताटात. थायरॉइडही तपासायचं राहून जातं, पण माका-जास्वंद घालून तेल मात्र दरमहा कढवलं जातं. तेल वाया जात नाही: खोबरेल केसात मुरून त्यातली प्रथिनं धुपू देत नाही, असं २००३ मध्ये भारतीय संशोधकांनी दाखवलं. मात्र रक्तातली लोहाची कमतरता त्यानं भरून निघत नाही.

जानेवारी २०२५ मध्ये बुलढाण्यातल्या शेगाव तालुक्यात काही गावांतल्या लोकांचे केस दिवसांत गेले, तेव्हाही आधी संशय पाण्यावरच. विंचूदंशावरच्या कामासाठी नावाजलेले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर तिथं गेले. लोकांचं रक्त, लघवी, केस आणि रेशनचा गहू तपासून घेतल्यावर त्यांनी बोट ठेवलं ते गव्हातल्या सेलेनियम या खनिजाच्या जादा प्रमाणावर.