कार्बन फायबर नळी : तंतूंची दिशा आणि मजबुती

कार्बनचे तंतू इपॉक्सी रेझिनमध्ये (घट्ट होणाऱ्या चिकट द्रव्यात) बसवून, थरावर थर देऊन केलेली पोकळ नळी. शिडाच्या होडीची डोलकाठी, सायकलची चौकट, ड्रोनचे हात यांसाठी ती वापरतात. तंतूची जाडी 5 ते 7 मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग). वजनाच्या मानाने तो पोलादाहून कितीतरी बळकट, पण केवळ स्वतःच्या लांबीच्या दिशेने; आडवा भार रेझिनवर येतो. म्हणून नळी पारखताना तंतूंचा कोन आधी विचारावा.

कोकणातल्या बागायतदाराला हे पोफळीवरून ठाऊक असते. तिचे सडपातळ खोड वाऱ्यात वाकते, मोडत नाही, कारण धागे बुंध्यापासून शेंड्यापर्यंत उभे असतात. तेच खोड उभे चिरले की सरळ फाटते आणि त्याची पन्हळ होते. सगळे तंतू 0 अंशात, म्हणजे अक्षाला समांतर असलेली नळीही वाकायला ताठ, पण चिमटली की उभी तडकणारी. अशा थरात तंतू आकारमानाने 60 टक्के असतील, तर ताठरता लांबीकडून सुमारे 135 गिगापास्कल (ताठरतेचे एकक) आणि आडवी जेमतेम 8 ते 10 भरते. तंतू 10 अंशांनी ढळले, तर त्या एकट्या थराची लांबीकडची ताठरता सुमारे 40 टक्क्यांनी उतरते. हाताने थर लावणाऱ्याचे कसब इथेच दिसते.

पिळाचा भार नळीच्या भिंतीत 45 अंशांच्या तिरक्या रेषांवर ताण आणि दाब होऊन उतरतो. त्यामुळे पिळासाठी थर अधिक आणि उणे 45 अंशांचे, जोडीने. एकाच बाजूचे तिरके थर असले, तर नळी नुसती ओढली तरी पिळते. काथ्याच्या दोरात पेडांचा पीळ आणि दोराचा पीळ उलट ठेवतात, तो याच कारणाने.

90 अंशांचे, कड्यासारखे थर नळी चेपू देत नाहीत. नळी वाकताना बाकाच्या आतल्या बाजूचे तंतू दाबाखाली येतात, आणि कार्बन दाबात ताणापेक्षा दुबळा. म्हणून पातळ भिंतीच्या नळीत हे आडवे वेढे वगळणे मला धोक्याचे वाटते. आतून दाब सोसणाऱ्या बंद नळीत घेराचा ताण लांबीच्या ताणाच्या दुप्पट असतो, म्हणून तिथे तंतू सुमारे 55 अंशांवर गुंडाळतात.

डोलकाठीत 0 अंशांचे थर सर्वांत जास्त असतात. जिथे भोक पाडून बोल्ट बसतो, तिथे उभे तंतू तुटतात. त्या जागी तिरके थर वाढवतात. बोल्टाखालची पट्टी ॲल्युमिनियमची असेल, तर मध्ये काचतंतूचा थर हवाच, नाहीतर खाऱ्या हवेत कार्बनला टेकलेले ॲल्युमिनियम झपाट्याने गंजते.