काळ्या दोरीत शिरलेलं पाणी

चढाईला गेलेला कबड्डीपटू पाय रोवून गर्रकन वळतो, गुडघ्यातून 'कट्' असा आवाज येतो आणि काही तासांत गुडघा टम्म फुगतो. एक्स-रे काढावा तर बहुतेक वेळा हाडं शाबूत. तुटलेली असते ती गुडघ्याच्या आत मांडीचं हाड आणि नडगी यांना तिरकस बांधून ठेवणारी दोरी, म्हणजे एसीएल नावाचं लिगामेंट.

अनुभवी डॉक्टर गुडघा थोडा वाकवून नडगी पुढे ओढून पाहतात. ती जास्त सरकली की बरंचसं निदान तिथेच होतं. पण दुखऱ्या, आखडलेल्या पायावर हा हात फसतो. शिवाय दोन हाडांच्या मधली कूर्चेची गादी फाटली आहे का, तेही बघायचं असतं. म्हणून एमआरआय.

यंत्राचं चुंबक साधारण १.५ किंवा ३ टेस्लाचं असतं. १.५ टेस्ला म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे ३०,००० पट. एवढ्या क्षेत्रात शरीरातल्या हायड्रोजनची अणुकेंद्रं जवळजवळ ६४ मेगाहर्ट्झच्या रेडिओलहरींना साद देतात. मोकळ्या पाण्याची साद बराच वेळ घुमते. लिगामेंटमधलं पाणी मात्र कोलॅजेन या चिवट प्रथिनाच्या तंतूंनी इतकं जखडलेलं असतं, की यंत्र ऐकायला लागेपर्यंत त्याचा आवाज विरून जातो. म्हणून निरोगी लिगामेंट चित्रात काळं दिसतं. मला यातली ही गंमत फार आवडते: जे बघायला आलो, ते धड असेल तर गप्पच असतं. तुटलं की तंतूंमध्ये रक्त आणि सूज शिरते, आणि काळ्या पट्ट्याच्या जागी पांढुरका, विस्कटलेला पुंजका दिसतो.

त्याहून बोलका पुरावा हाडात सापडतो. दोरी तुटते त्या क्षणी नडगी पुढे निसटते आणि गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला मांडीचं हाड नडगीच्या मागच्या कडेवर आदळतं. दोन्ही हाडांना आतून मुका मार बसतो. एक्स-रेला तो दिसत नाही; चरबीचा उजेड दाबून काढलेल्या एमआरआयमध्ये तो पांढऱ्या ढगासारखा उमटतो. हे दोन डाग आता समोरासमोर नसतात. मनातल्या मनात ते एकमेकांवर आणून ठेवले, की त्या क्षणी गुडघा किती सरकला होता ते कळतं.

चकवेही आहेत. तंतू चुंबकीय क्षेत्राशी ५५ अंशांच्या आसपास कलले, तर काही चित्रांत धडधाकट लिगामेंटही करडं दिसतं. रेडिओलॉजिस्ट याला 'मॅजिक अँगल' म्हणतात. उशिराचा प्रतिध्वनी टिपणाऱ्या चित्रात हा करडेपणा जातो, खरी इजा तशीच राहते.

अर्धवट तुटलेल्या दोरीपुढे मात्र एमआरआय चाचरतो. उरलेले तंतू दिसले, तरी ते किती ताण पेलतील हे चित्र सांगत नाही. जुन्या दुखापतीत तर तुटलेलं टोक कधीकधी शेजारच्या लिगामेंटला चिकटून बसतं आणि फिल्मवर सलग काळी दोरी दिसते. नडगी ओढून पाहिली, की ती सैल लागते.