ग्लूटेनमुक्त स्टफिंग

ग्लूटेनमुक्त स्टफिंग : ग्लूटेन हे चिकट प्रथिन असलेली गहू, सातू (जव) व राय (गव्हासारखे एक धान्य) ही धान्ये पूर्णपणे वर्ज्य करून केलेले, भाजलेल्या पक्ष्याबरोबर वाढायचे सारण. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत थँक्सगिव्हिंगच्या, म्हणजे नोव्हेंबरातील चौथ्या गुरुवारच्या, जेवणात टर्कीसोबत ते असते. अनेक घरांत नाताळलाही करतात. टर्कीच्या पोटात भरून भाजलेले ते ‘स्टफिंग’ आणि वेगळ्या भांड्यात भाजलेले ते ‘ड्रेसिंग’ असा भेद पाकपुस्तकांत सांगितलेला आढळतो. प्रत्यक्षात दक्षिणेकडील राज्यांत दोहोंना ड्रेसिंग म्हणतात, आणि ईशान्येकडील राज्यांत भांड्यात भाजलेल्यालाही स्टफिंगच म्हणतात. पेनसिल्व्हेनियातील जर्मन वंशाच्या वस्तीत ‘फिलिंग’ हा शब्द चालतो.

इतिहास : पक्ष्याच्या किंवा प्राण्याच्या पोटात सारण भरून भाजण्याची रीत फार जुनी आहे. अपिसियसच्या नावावर मोडणारा रोमन पाककृतींचा संग्रह आज ज्या रूपात उपलब्ध आहे, ते रूप साधारणपणे इ.स. चौथ्या-पाचव्या शतकातील मानले जाते. त्यातील काही कृती त्याहून बऱ्याच जुन्या असाव्यात. त्यात डॉर्माउस या उंदरासारख्या प्राण्यात भरायचे सारण डुकराच्या खिम्याचे आहे. त्यात मिरी, चिलगोजाच्या जातीचे दाणे, माशांचा आंबवलेला रस आणि ‘लेझर’ नावाचा उग्र वासाचा चीक घालावा असे सांगितले आहे. हा चीक मूळचा उत्तर आफ्रिकेतील सायरीनचा. ती वनस्पती दुर्मिळ झाल्यावर रोमनांनी इराणकडील हिंग वापरला. या सारणात पाव नाही, पीठही नाही. त्याच संग्रहातील इतर काही सारणांत मात्र भरडलेला गहू आहे. तेव्हा प्राचीन सारण धान्यरहित होते असा सरसकट निष्कर्ष काढता येत नाही. पाव हा त्याचा अटळ घटक नव्हता, एवढे मात्र नक्की म्हणता येते.

थँक्सगिव्हिंगची परंपरा 1621 मध्ये प्लिमथ या इंग्रज वसाहतीत झालेल्या सुगीच्या मेजवानीपर्यंत नेण्याचा प्रघात आहे. त्या मेजवानीचे प्रत्यक्षदर्शी वर्णन वसाहतीतील एडवर्ड विन्स्लोच्या पत्रात आहे. त्यात शिकार करून आणलेले पक्षी आणि तेथील मूलनिवासी वाम्पानोआग लोकांनी आणलेली पाच हरणे यांचा उल्लेख आहे, सारणाचा नाही. काही लेखक पक्ष्यांत कांदे, सुगंधी पाला व चेस्टनट (पिठूळ गराचे कवचफळ) भरले असतील असे मानतात. हा तर्क त्या काळच्या इंग्रजी स्वयंपाकाशी जुळणारा आहे, पण तो तर्कच. अधिक उपयोगी माहिती त्याच पत्रात दुसरीकडे सापडते. त्या वर्षी वसाहतीने सुमारे 20 एकर मका आणि सुमारे 6 एकर सातू व वाटाणा पेरला होता. मका चांगला आला, सातू बेताचा, वाटाणा वाया गेला. पेरणीच्या या यादीत गहू नाही. त्या मेजवानीत सारण असलेच, तर ते आजच्यासारखे गव्हाच्या पावाचे असण्याचा संभव कमी दिसतो.

छापील पुरावा अठराव्या शतकाच्या अखेरीस मिळतो. अमीलिया सिमन्स यांचे ‘अमेरिकन कुकरी’ हे पुस्तक 1796 मध्ये कनेटिकटमधील हार्टफर्ड येथे प्रसिद्ध झाले. अमेरिकन व्यक्तीने लिहून अमेरिकेत छापलेले ते पहिले पाकपुस्तक समजले जाते. त्यातील टर्कीचे सारण असे : 1 पौंड (सुमारे 450 ग्रॅम) मऊ गव्हाचा पाव, 3 औंस (सुमारे 85 ग्रॅम) गोचरबी, 3 अंडी, थाइम व मार्जोरम हा सुगंधी पाला, मिरी व मीठ, कोणी थोडी वाइन घालतात. पुस्तकाचा हवाला देणारे बहुतेकजण येथेच थांबतात. लगेच पुढे मात्र दुसरा पर्याय दिलेला आहे : 3 पाइंट बटाटे उकडून कुस्करावेत, लोण्याने सैल करावेत, पाला, मिरी व मीठ घालून पक्ष्यात भरावेत व पूर्वीप्रमाणे भाजावे. या सारणात ग्लूटेन मुळीच नाही. (भाजताना पक्ष्यावर पीठ भुरभुरवण्याची सूचना पहिल्या कृतीत आहे, ती येथेही पाळली तर गोष्ट वेगळी.) ग्लूटेनमुक्त सारण हे आधुनिक आहारशास्त्राचे अपत्य आहे, हे सर्रास केले जाणारे विधान म्हणूनच दुरुस्त करावे लागते. तसे नाव आणि तसा हेतू नवा आहे, पदार्थ जुना आहे.

सिमन्स या टर्कीबरोबर वाढायच्या पदार्थांत ‘मँगो’ही सांगतात. हा आपला आंबा नव्हे. हिंदुस्थानातून जाणाऱ्या आंब्याच्या लोणच्याची नक्कल म्हणून कोवळ्या खरबुजांत मसाला भरून ती मुरवत. तेच हे मँगो.

टर्की, सारण आणि थँक्सगिव्हिंग यांची सांगड एकोणिसाव्या शतकात पक्की झाली. सेरा जोसेफा हेल यांच्या 1827 मधील ‘नॉर्थवुड’ या कादंबरीतील थँक्सगिव्हिंगच्या पंगतीत सारण भरलेली टर्की मेजाच्या मानाच्या जागी आहे. याच हेलबाईंनी राष्ट्रीय सणासाठी अनेक वर्षे पाठपुरावा केला आणि 1863 मध्ये लिंकन यांनी तशी घोषणा केली. चौथ्या गुरुवारचा कायदा 1941 चा. पावाचे सारण घरोघरी एकसारखे होण्यास मात्र कारखाना कारण झाला. जनरल फूड्स कंपनीने 1972 मध्ये ‘स्टोव्ह टॉप’ हे तयार मिश्रण बाजारात आणले. ते घडवण्यात रूथ सीम्स यांचा मोठा वाटा होता. त्याच्या 1975 च्या पेटंटाचा भर मसाल्यावर नसून पावाच्या कणांच्या आकारावर आहे, ही गोष्ट तंत्राच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

मक्याच्या पावाचे ड्रेसिंग : दक्षिणेकडील राज्यांतील ड्रेसिंग कॉर्नब्रेडचे असते. त्याच्या उगमाबद्दल मतभेद आहेत. एक मत ते इंग्रजी पावाच्या सारणाचे स्थानिक रूप मानते : उष्ण व दमट हवेत गहू नीट येत नसे, म्हणून मका आला. दुसरे मत मूलनिवासी जमातींच्या मक्याच्या भाकरीकडे बोट दाखवते. तिसरे मत गुलाम म्हणून आणलेल्या पश्चिम आफ्रिकी स्वयंपाकिणींकडे श्रेय देते. मक्याचा भरडा किंवा कॉर्नब्रेडचा चुरा चरबीत कांद्यासह परतून केलेला ‘कुश’ त्यांच्या खाण्यात होता, आणि या नावाचा संबंध उत्तर व पश्चिम आफ्रिकेतील कुसकुसशी जोडला जातो. चुरा, चरबी, कांदा व रस हा क्रम ड्रेसिंगशी इतका जुळतो की तिसरे मत डावलता येत नाही; अर्थात घटकांची उपलब्धता पहिल्या दोन मतांशिवाय समजत नाही. जुन्या पद्धतीच्या दक्षिणी कॉर्नब्रेडमध्ये गव्हाचे पीठ व साखर नसे. हल्लीच्या बहुतेक तयार मिश्रणांत मात्र गव्हाचे पीठ असतेच, त्यामुळे ‘मक्याचे’ म्हणून ते आपोआप चालत नाही.

वैद्यकीय पार्श्वभूमी : पिठाचा गोळा पाण्याखाली चोळून धुतल्यावर मागे राहणारा चिकट, लवचीक भाग म्हणजे ग्लूटेन. बोलोन्या येथील याकोपो बेकारी यांनी 1728 मध्ये तो वेगळा करून दाखवला. गव्हात तो ग्लायाडिन व ग्लूटेनिन या प्रथिनांचा बनतो. सातू व रायमध्ये त्यांची सगोत्र प्रथिने असतात. सीलिॲक रोगात या प्रथिनांमुळे शरीराची प्रतिकारयंत्रणा लहान आतड्याच्या अस्तरावरच उलटते. रोगाचे वर्णन इ.स. पहिल्या-दुसऱ्या शतकातील ग्रीक वैद्य अरेटियस याच्यापर्यंत मागे नेले जाते. आधुनिक वर्णन इंग्रज वैद्य सॅम्युएल गी यांचे, 1888 मधील. गहू हे कारण असल्याचे डच बालरोगतज्ज्ञ विलेम-कारेल डिके यांनी दाखवले. नेदरलंड्समधील 1944–45 च्या हिवाळ्यातील दुष्काळात पाव मिळेनासा झाला, तशी आजारी मुले सुधारली आणि त्यावरून डिके यांना उलगडा झाला, अशी कथा लोकप्रिय आहे. त्यांनी गहूरहित आहाराबद्दल 1941 मध्येच लिहिले होते. त्यामुळे दुष्काळाने त्यांच्या आधीच्या निरीक्षणाला बळ दिले, असे म्हणणे अधिक रास्त ठरते. सविस्तर पुरावा त्यांच्या 1950 च्या प्रबंधात आला.

जगात सुमारे 1 टक्का लोकांना हा रोग असावा असा अंदाज आहे. भारतात गहू खाणाऱ्या उत्तरेत तो दक्षिणेपेक्षा अधिक आढळतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या 2013 च्या नियमानुसार दर किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा कमी ग्लूटेन असेल तरच पदार्थावर ‘ग्लूटेनमुक्त’ असे छापता येते. भारतीय मानकाची मर्यादाही 20 मिलिग्रॅमचीच आहे.

तंत्र : गव्हाच्या पावाच्या तुकड्यावर गरम स्टॉक (हाडे व भाज्या उकळून काढलेला रस) ओतला तर तो फुगतो पण विरघळत नाही, ग्लूटेनचे जाळे तुकडा धरून ठेवते. ग्लूटेनमुक्त पावात हे जाळे नसते. तो तांदूळ, ज्वारी, बटाटा व टॅपिओका यांच्या पिठांचा व स्टार्चचा असतो आणि त्याला झँथन गोंद, गवार गोंद किंवा इसबगोल बांधून ठेवतात. (इसबगोल व गवार यांचा जगाला होणारा पुरवठा बव्हंशी गुजरात-राजस्थानातून होतो.) ओला झाला की हा पाव लवकर कोसळतो व सारणाचा लगदा होतो. नवशिक्यांची तक्रार बहुधा चवीबद्दल नसते, या लगद्याबद्दल असते.

यावरचा मुख्य उपाय वाळवणे हा आहे. पाव शिळा होणे आणि वाळणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ बूसँगो यांनी 1852 मध्ये दाखवले की, पाणी न गमावताही पाव शिळा व कडक होतो आणि तापवल्यावर पुन्हा मऊ होतो. स्टार्चचे रेणू पुन्हा शिस्तीने रचले गेल्यामुळे हा कडकपणा येतो. स्टफिंगला केवळ शिळा पाव पुरत नाही, त्यातील पाणी जायला हवे. म्हणून ग्लूटेनमुक्त पावाचे सुमारे 2 सेंमी.चे तुकडे ट्रेवर एकेरी पसरून 120–135° से. तापमानाच्या ओव्हनमध्ये तासभर, आतपर्यंत कोरडे होईतो ठेवतात. फार बारीक चुरा चालत नाही. 450 ग्रॅम पावासाठी साधारण 100 ग्रॅम लोणी, दोन कांदे, तीन-चार सेलरीचे दांडे, 2 अंडी आणि अर्ध्या लिटरपर्यंत स्टॉक हे प्रमाण बसते. स्टॉक थोडाथोडा घालून दर वेळी तुकडे दाबून पाहावे लागतात. गव्हाच्या पावाला लागतो तेवढा येथे क्वचितच लागतो. अंडे येथे ऐच्छिक नाही, जाळ्याचे काम तेच करते. भांडे आधी झाकून व शेवटी उघडे, 175–180° से.ला भाजतात. कॉर्नब्रेडला हा त्रास कमी, कारण तो मुळातच भुगा होणारा असतो आणि त्याचे ड्रेसिंग मऊच अपेक्षित असते.

पक्ष्यातच भरायचे असल्यास सारण ऐन वेळी, सैल भरतात आणि त्याच्या मध्यभागाचे तापमान 74° से.पर्यंत गेल्याखेरीज काढत नाहीत. कच्च्या मांसाचा रस सारणात उतरतो, हे त्याचे कारण.

गव्हाचा शिरकाव : पाव बदलणे हा सोपा भाग. गव्हाच्या सारणाने भरलेली टर्की सीलिॲक रुग्णाला चालत नाही, मांससुद्धा नाही. आणि तिच्या रसावर केलेली ग्रेव्हीही नाही. ‘टर्की खा, स्टफिंग तेवढे सोड’ हा प्रेमळ सल्ला म्हणूनच घातक ठरतो. स्टॉकच्या वड्या, तयार सॉसेज, सोया सॉस आणि सातूच्या माल्टचा अर्क यांतून ग्लूटेन येते. अमेरिकेतील 2004 च्या ॲलर्जीविषयक कायद्याने वेष्टनावर गव्हाचा उल्लेख सक्तीचा केला आहे, सातूचा नाही. ओटमध्ये ग्लूटेन नसले तरी शेतात व गिरणीत गव्हाची सरमिसळ होते. घरातील टोस्टर, चाळणी व लाकडी कालथा हीही नेहमीची ठिकाणे. दोन्ही प्रकार करायचे असतील तर ग्लूटेनमुक्त आधी, स्वच्छ भांड्यांत करून झाकून ठेवतात आणि त्याचा चमचा वेगळा ठेवतात.

इतर सारणे : लुइझियानात कोंबडीची काळीज-पेटी, कांदा, सेलरी व भोपळी मिरची घातलेल्या भाताचे ड्रेसिंग होते. मिनेसोटाकडे वाइल्ड राइस वापरतात. मूलनिवासी ओजिब्वे लोक सरोवरांतून काढतात ते हे धान्य तांदळाहून वेगळ्या प्रजातीचे आहे. चेस्टनटचे सारण युरोपात रूढ आहे. अमेरिकेत 1904 मध्ये न्यूयॉर्क येथे आढळलेल्या बुरशीने पुढील काही दशकांत देशी चेस्टनटची अब्जावधी झाडे मारली, त्यानंतर तेथे हे फळ बहुतांशी आयातच होते.

महाराष्ट्र व गोवा : भरली वांगी, भरले पापलेट, उकडीचे मोदक अशी ग्लूटेन नसलेली भरली पक्वान्ने येथे मुबलक आहेत, गोव्यातील रेशाद मसाल्याचे नाव तर भरणे या अर्थाच्या पोर्तुगीज शब्दावरूनच आले. तरी अमेरिकेतील मराठी घरांत थँक्सगिव्हिंगच्या सारणाला फोडणी देताना एक खबरदारी घ्यावी लागते. बाजारी हिंगपुडीत शुद्ध हिंग थोडा आणि पीठ जास्त असते, आणि ते पीठ बहुधा गव्हाचे. खडा हिंग किंवा तांदळाच्या पिठात केलेली पूड वेष्टन वाचून घेतल्यास ही अडचण राहत नाही.